काचेपुढची काच

माणसाला स्वच्छ दिसू लागलं, की त्याला थोडं कमी दिसावंसं वाटू लागतं. हे वाक्य मी कुठल्या संतवाङ्मयातून उचललेलं नाही. साडेतीन हजार रुपये रोख मोजून शिकलो आहे.

कॅमेऱ्याचंच बघा. गेली पावणेदोनशे वर्षं काचा घासणाऱ्या विद्वानांनी दोनच गोष्टींचा ध्यास घेतला. भिंगातून उजेड जास्तीत जास्त आत यावा आणि चित्र जास्तीत जास्त स्पष्ट उमटावं. त्यासाठी त्यांनी एकामागे एक अशी आठ-आठ, दहा-दहा भिंगं रचली, त्यांवर नाना तऱ्हेचे लेप दिले. एवढं सगळं साधल्यावर त्यांच्याच भाऊबंदांनी बाजारात आणखी दोन काचा आणल्या. एक काच उजेड आत येऊ देत नाही, दुसरी स्पष्ट दिसू देत नाही. पहिलीला म्हणतात न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर आणि दुसरीला डिफ्यूजन फिल्टर. म्हणजे आधी भारी चष्मा करून घ्यायचा, मग तो गरम चहावर धरून त्यावर वाफ आणायची, आणि वाफेचे पैसे वेगळे द्यायचे.

या व्यवहारात मी शिरलो तो आमच्या हेडकॅशिअरमुळे. निवृत्तीनंतर त्यांचा गुडघा कामातून गेला, म्हणून त्यांचा कॅमेरा माझ्याकडे आला. पुण्यातल्या आमच्या शाखेत त्यांनी छत्तीस वर्षं नोटा मोजल्या, पण माझ्याकडून घेतलेल्या नोटा त्यांनी तीनदा मोजल्या. मग तिपाई दिली, एक रिकामी डबी दिली आणि म्हणाले, "या डबीत फिल्टर ठेवा. फिल्टर तुमचे तुम्ही घ्या. माणसाने स्वतःच्या चुका स्वतःच्या पैशाने कराव्यात."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. शास्त्राचा आणि माझा संबंध दहावीला आला आणि परस्परसंमतीने तिथेच तुटला. पण न्यूट्रल डेन्सिटी मला एका दुपारी समजली, कारण ती मुळात शास्त्राची गोष्ट नाहीच, ती कपातीची गोष्ट आहे. मुदत ठेवीवरच्या व्याजाचा कर जसा खातेदाराच्या हातात पैसे पडण्याआधीच उगमाशी कापला जातो, तसा हा फिल्टर उजेड उगमाशीच कापतो. 'न्यूट्रल' म्हणजे कर वसूल करताना पक्षपात नाही. तांबडा, हिरवा, निळा, सगळ्यांना दर एकच. मी पहिली काच स्वस्तातली घेतली होती. ती निळ्याकडून जास्त वसुली करत असावी. त्या फोटोत आमचं सगळं कुटुंब नुकतंच काविळीतून उठल्यासारखं दिसतं.

कपातीची पद्धतही आमच्या ओळखीची निघाली. फोटोग्राफर लोक जिला 'स्टॉप' म्हणतात ती एक पायरी म्हणजे उजेड निम्मा. दुसरी पायरी म्हणजे उरलेल्याचा निम्मा. तिसरी म्हणजे त्याच्याही निम्मा. अहो, हा तर घसारा! घटत्या शिल्लक पद्धतीने, दर पन्नास टक्के! बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला यंत्रसामग्रीवर घसारा काढताना जी झोप यायची, ती अशी चाळिशीनंतर उपयोगी पडली. अशा दहा पायऱ्यांचा फिल्टर घेतला तर मूळ उजेडाचा 1024वा भाग उरतो. त्या काचेला मात्र नाव 1000. वरचे चोवीस कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे चोवीस रुपयांचा फरक आला, तर अख्ख्या शाखेला रात्री नऊपर्यंत बसवतात.

शिवाय एकाच काचेला तीन नावं. तीन पायऱ्यांच्या काचेवर एक कारखानदार 8 लिहितो, दुसरा 0.9 लिहितो, तिसरा नुसतं 3 लिहितो. मी दुकानात तिन्ही मागितल्या. दुकानदाराने तिन्ही दिल्या. तीन काचा विकल्या जात असताना 'साहेब, ही एकच काच आहे' असं सांगणारा दुकानदार अजून जन्माला यायचा आहे.

आता कोणीही शहाणा माणूस विचारील, की उजेड एवढा कापायचा कशासाठी? तर वेळ मिळावा म्हणून. नळाला धार मोठी असली की बादली पटकन भरते. धार बारीक केली की तीच बादली भरायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात आळीतलं कोण आलं, कोण गेलं, ते सगळं कळतं. कॅमेऱ्याचंही तसंच. एरवी सेकंदाच्या तिसाव्या भागात जो फोटो निघाला असता, त्याला या दहा पायऱ्यांच्या काचेमागे चौतीस सेकंद लागतात. भर दिवसा चौतीस सेकंद कॅमेऱ्याचा डोळा उघडा. तेवढ्या वेळात वाहतं पाणी दुधासारखं एकजीव होतं आणि ढगांचे पिंजलेल्या कापसासारखे पट्टे होतात.

"बाबा, हे माझ्या फोनमध्ये फुकट होतं," आमची कन्या म्हणाली.

"फोनमध्ये आकडेमोड असते," मी म्हटलं. "इथे खरा उजेड कापला जातो."

"पैसेही खरे कापले जातात," आतून आवाज आला. आमच्या घरात लेखापरीक्षण चालू असतं. वार्षिक नव्हे, दैनंदिन.

पण ती काच वापरायची वेळ नंतर आली. आधी दुसरीचं प्रकरण झालं.

माझी आई वाईला थोरल्या भावाकडे असते. तिला पंच्याहत्तरावं वर्ष लागणार होतं. भावाने सभागृह, आचारी आणि भटजी स्वतःकडे घेतले आणि मला म्हणाला, "दर्शनी भागात आईचा मोठा फोटो लावायचा आहे. तेवढं तू बघ. नाही तरी तुझ्याकडे ते यंत्र आहे." मी ठरवलं, की असा फोटो काढायचा की पाहुण्यांनी तोंडात बोटं घालावीत. म्हणून मी डिफ्यूजन फिल्टर घेतला.

ही काच म्हणजे मोठी गमतीची चीज. तिच्यात अगदी बारीक कण पेरलेले असतात, कुठे खळगे असतात, कुठे जाळी. बराचसा उजेड सरळ मार्गाने जातो, थोडासा वाटेत भरकटतो आणि शेजारच्या काळोख्या जागेत जाऊन बसतो. सुरकुती म्हणजे तरी काय? चेहऱ्यावरची एक बारीक सावली. भरकटलेला उजेड त्या खाचेत जाऊन बसला की सुरकुती भरून निघते. दिव्यांभोवती प्रभावळ येते. जुन्या कृष्णधवल चित्रपटांत नायिकेचा चेहरा जवळून दाखवायची वेळ आली की कॅमेऱ्यासमोर अशीच काहीतरी युक्ती असायची. नायक उन्हात स्वच्छ उभा आणि समोरची नायिका मात्र धुक्यात. एकाच दिवाणखान्यात दोन हवामानं! काहीजण भिंगावर नायलॉनचा तलम मोजा ताणून बांधत, काहीजण साध्या काचेला व्हॅसलिन फासत.

या काचा जोरानुसार मिळतात. एक अष्टमांश, एक चतुर्थांश, अर्धा, पूर्ण. म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत अदपाव, पाव, अर्धा आणि शेर. मी पाव घेतली. आईला अंगणात तुळशीपाशी बसवलं, फोटो काढला. बरा आला. पण 'बरा' या शब्दाने माझं समाधान होत नाही, हा माझा दुर्गुण आहे. बँकेत तो दिसत नाही, रविवारी दिसतो. मी हेडकॅशिअरसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "भिंगाला हात लावू नका. साधी काच चढवा आणि तिच्या कडेकडेने व्हॅसलिन लावा. मधे लावू नका." मी कडेला लावलं. मग वाटलं, की थोडं मधेही लावावं.

त्या फोटोत आई उकडीच्या मोदकासारखी दिसत होती. गुळगुळीत, पांढरीशुभ्र, आतून वाफ येत असलेली. भाऊ म्हणाला, "वा!" वहिनी म्हणाल्या, "अगदी साठीच्या वाटतात." मी फोटो आईच्या हातात दिला. तिने चष्मा लावला. फोटो पाहिला. चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. मग पदराने फोटो पुसला.

"ही कोण रे?"

"आई, तूच की!"

"मी? मग माझी विटी कुठे गेली?"

हे घरात कोणालाच कळलं नाही. मला कळलं. आईच्या डाव्या भुवईवर एक तिरकी खूण आहे. मी नऊ वर्षांचा असताना परसात विटीदांडू खेळत होतो. आई वाळत घातलेले पापड उचलायला आली आणि माझी विटी थेट तिच्या भुवईवर बसली. तीन टाके पडले. मी संध्याकाळपर्यंत माळ्यावर लपून होतो. वडील घरी आले आणि त्यांनी विचारलं, तेव्हा आईने सांगितलं, "कपाटाचं दार लागलं." त्यानंतर वडील गेले तरी ते कपाटाचं दारच राहिलं. मला ती कधी एक शब्द बोलली नाही.

"एवढी वर्षं सांभाळली मी ती," आई म्हणाली. "तुझ्या वडलांपासून लपवली. आणि तू एवढंसं व्हॅसलिन लावून पुसून टाकलीस होय रे?"

भावाला विटीची हकिगत त्या दिवशी कळली. मी आत जाऊन काच साबणाने धुतली. समारंभात जो फोटो लागला, त्यात कॅमेऱ्यापुढे कुठलीही काच नव्हती. सगळ्या सुरकुत्या जागच्या जागी, आणि भुवईवर विटी. पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली नाहीत. त्यांच्या तोंडात जिलबी होती. पण आई त्या फोटोखाली अशी बसली होती, की जणू फोटोची आणि तिची जुनी ओळख आहे.

मऊ दाखवणारी काच अशी बाद झाली. राहिली अंधार करणारी.

समारंभानंतरच्या सकाळी आम्ही सगळे मेणवलीला गेलो. मेणवली वाईपासून हाकेच्या अंतरावर. कृष्णेकाठचा तिथला घाट आणि वाडा नाना फडणविसांचा. 2004 साली आलेल्या 'स्वदेस' चित्रपटात ज्यांनी हा घाट पाहिला, ते तिथे येऊन चित्रपटातल्यासारखे फोटो काढतात. नानांनी पेशव्यांचा हिशेब चोख ठेवला, त्यामुळे आम्हा कारकून मंडळींना हा घाट तीर्थक्षेत्राच्या जागी आहे. मी ठरवून ठेवलं होतं, की इथेच दहा पायऱ्यांची काच लावायची.

ही काच लावणं हा एक विधी आहे. आधी तिपाई रोवायची. मग काच न लावता चौकट ठरवायची आणि नेम साधायचा, कारण एकदा का काच चढली की कॅमेऱ्यातून अमावास्या दिसते. मग काच अशा हलक्या हाताने फिरवून बसवायची, की साधलेला नेम हलता कामा नये. मागच्या डोळ्याच्या खिडकीतून उजेड शिरू नये म्हणून तिच्यावर कापड टाकायचं. आमच्या कॅमेऱ्याचा स्वतःचा हिशेब तीस सेकंदांपाशी संपतो. पुढची चार आपण घड्याळ लावून मोजायची. मोजणं हा माझा धंदाच असल्यामुळे तिथे काही अडलं नाही.

सूर्य अजून डोंगराआड होता. घाटावर बरीच वर्दळ होती. कोणी आंघोळ करत होतं, दोन बायका धुणं आपटत होत्या, एक पोरगा म्हशी घेऊन चालला होता, शाळेची सहल आली होती. आई खालून चौथ्या पायरीवर जपमाळ घेऊन बसली होती. ही गाडीतून पिशव्या आणत होती, सतरंजी पसरत होती, आईला थर्मासमधून चहा देत होती, कन्येला पाण्यापासून ओढत होती, वहिनींना डबे काढून देत होती. मी बटण दाबलं. एक, दोन, तीन... चौतीस.

चित्र उमटलं आणि माझे डोळे विस्फारले. नदी दुधाची झाली होती. घाट संपूर्ण मोकळा होता. सहल नाही, म्हशी नाहीत, धुणं नाही. जे जे हलत होतं ते सगळं पुसलं गेलं होतं. चौथ्या पायरीवर फक्त आई होती, विटीसकट स्पष्ट. हात मात्र धूसर. जपमाळेचे मणी सरकत होते ना, तिथे नुसता एक करडा धूर.

या गोष्टीला इतिहास आहे. 1838 साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या गृहस्थाने खिडकीतून एका हमरस्त्याचा फोटो काढला. त्याला असल्या काचेची गरज नव्हती. त्या काळच्या पत्र्यावर चित्र उमटायलाच काही मिनिटं लागत. रस्ता गाड्याघोड्यांनी वाहत असणार, पण फोटोत तो ओस आहे. कोपऱ्यात फक्त एक मनुष्य दिसतो, कारण तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. फोटोत सापडलेला हा सर्वात जुना माणूस समजला जातो. त्याच्यापुढे वाकलेला, हात चालवणारा पॉलिशवाला जरा पुसटच आहे.

ही सगळी माहिती मी तिथेच घाटावर सर्वांना ऐकवली. सगळ्यांनी फोटोची तारीफ केली. हिने फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"यात मी कुठे आहे?"

"तू? तू हलत होतीस ना. हलणारं माणूस यात उमटत नाही."

"थर्मास आलाय," ती म्हणाली.

आला होता. आईच्या शेजारी थर्मास स्वच्छ आला होता. पसरलेली सतरंजी आली होती. ओळीने मांडलेल्या पिशव्या आल्या होत्या. त्या आणणारी तेवढी नव्हती. नीट पाहिलं तर पायऱ्यांवर एक निळसर छटा होती. तीही मला तिच्या साडीचा रंग ठाऊक होता म्हणून दिसली.

"घरात राबणारं माणूस दिसत नाही," ती शांतपणे म्हणाली, "हे कळायला साडेतीन हजारांची काच कशाला हवी होती? मी फुकट सांगितलं असतं."

खंबाटकी घाट उतरून पुण्यात येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मी मनातल्या मनात आमच्या बँकेचा चौतीस सेकंदांचा फोटो काढून पाहिला. खातेदार पुसले गेले. दिवसभर खालीवर करणारा शिपाई पुसला गेला. टेबलावरचे चहाचे ग्लास मात्र आले. व्यवस्थापक उत्तम आले. आणि खिडकीमागे मी. वीस वर्षं एका खुर्चीत. इतका स्पष्ट, की शर्टाच्या बाहीवरचा शाईचा डागही मोजून घ्यावा. आपण ठळक दिसतो म्हणजे काही थोर असतो असं नव्हे, बसून असतो एवढंच, हे मला त्या प्रवासात प्रथमच कळलं.

पुढच्या रविवारी मी हिला म्हटलं, "तुझा एकटीचा फोटो काढायचा आहे. त्याच काचेतून. चौतीस सेकंद फक्त उभी राहा."

"चौतीस सेकंद? नुसती?"

"नुसती."

मला वाटलं होतं, की ती हसण्यावारी नेईल. पण तिने खरोखरच साडी बदलली आणि गॅलरीत, कुंड्यांपाशी येऊन उभी राहिली. मी नेम साधला, काच चढवली, बटण दाबलं आणि मोजायला लागलो. कॅमेऱ्यात अंधार असल्यामुळे मला नाइलाजाने सरळ तिच्याकडे बघावं लागलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सलग वीस सेकंद मी तिच्याकडे कधी पाहिलं असेल, असं हिशेबात तरी सापडत नाही. कानाशी केस पांढरे झाले होते. हे कधी झालं, मला कोणी कळवलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती आणि अगदी थोडी हसत होती. अठरा, एकोणीस, वीस...

एकविसाव्या सेकंदाला तिने मान वळवली. "अहो, दूध! गॅसवर दूध आहे!"

"हलू नकोस!" मी ओरडलो. ती बिचारी तशीच मान वळलेल्या अवस्थेत थांबली. मी चौतीस मोजले. दूध गेलं.

तो फोटो आमच्या दिवाणखान्यात लावला आहे. त्यात हिला दोन चेहरे आहेत, दोन्ही अर्धवट पारदर्शक, एकमेकांत मिसळलेले. एक माझ्याकडे बघतो आहे आणि दुसरा स्वयंपाकघराकडे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, की फोटो बिघडला आहे. हेडकॅशिअरसाहेब परवा काठी टेकत आले होते. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "हललाय."

मी काही बोललो नाही. चहाचे कप घेऊन येताना हिने तो फोटो पदराने पुसला आणि ती म्हणाली, "हललेला नाही. अगदी माझ्यासारखा आलाय."